बाजाराच्या दिवशी एक

पोलादाच्या प्लांटभोवती वसलेल्या आमच्या हिंदीभाषक गावात, सेक्टर सहाच्या मार्केटमध्ये, औषधाचं एक लहानसं दुकान आहे. त्याच्या भिंतीवर दोन फ्रेमा शेजारी शेजारी लावल्या आहेत. एका फ्रेममध्ये फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन आहे. ते सगळ्याच दुकानांत असतं. दुसऱ्या फ्रेममध्ये एक सरकारी पत्र आहे, आणि त्यात त्याच फार्मासिस्टला लेखी ताकीद दिलेली आहे. बक्षिसं फ्रेम केलेली मी पाहिली होती, ताकीद फ्रेम केलेली पाहिली नव्हती. गिऱ्हाईक विचारतात, "साहब, ये क्या है?" तेव्हा काउंटरमागचे साठीचे, बुटके गृहस्थ कात्री खाली ठेवतात आणि सांगतात, "ये मेरी गलती है. पहले इसको पढ़िए, बाद में बाजूवाला पढ़िए."

मी त्यांना सर म्हणते. डी. फार्मचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग मी त्यांच्या हाताखाली केलं. तेव्हा ते कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या दुसऱ्या एका दुकानात नोकरीला होते. सकाळी माझं कॉलेज असायचं आणि दुपारनंतर मी दुकानात जायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा प्लांटमध्ये ठेक्यावर काम करतात. मुलगी जिथे उभी राहणार ती जागा कशी आहे, हे बघायला ते पहिल्या दिवशी माझ्यासोबत आले होते.

दुकानाच्या पायरीवरच बाबा थांबले. आत औषधांच्या कपाटापुढे एक माणूस डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उभा होता. प्लांटमधलं, सेफ्टीचं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं. दुकानात क्रेन नव्हती. वरून काही पडायची शक्यता नव्हती. काउंटरपुढे सात-आठ माणसं होती आणि ती सगळी गप्प होती. त्या माणसानं एक डबी काढली, चिठ्ठीशी लावून पाहिली, पुन्हा पाहिली, काउंटरवर ठेवली आणि हेल्मेट काढून खिळ्याला अडकवलं. लगेच सगळे बोलू लागले.

"जयभीम," बाबा म्हणाले.

"जयभीम. या. हे पोरगी काय?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय शिकून राहिली?"

मला नव्या माणसापुढे शब्द लवकर सापडत नाहीत. बाबांनीच सांगितलं.

"बोलत नाही वाटते," सर म्हणाले. "बोलन. बोलाच लागन. औषधाच्या दुकानात न बोलणारा माणूस लई धोक्याचा असते."

हेल्मेटचा अर्थ त्यांनी मला त्याच दिवशी सांगितला. त्यांचे मोठे भाऊ प्लांटमध्ये होते. भाऊ रिटायर झाले आणि हेल्मेट सरांकडे आलं. "प्लांटमंदी क्रेनवाला उकळतं लोखंड उचलून राहिला, तर खालून कोणी त्याले इचारते काय, भाऊ, घरचे सगळे बरे हायत ना? नाही ना इचारत? मंग मी गोळी काढून राहिलो तर मलेच कावून इचारता?"

हेल्मेट डोक्यावर असताना सरांशी कोणीही बोलायचं नाही, असा नियम होता. ते गोळी काढायचे, नाव वाचायचे, मुदत वाचायचे, चिठ्ठीशी ताडून बघायचे. तेवढा वेळ त्यांचा फोन ड्रॉवरमध्ये. दुसऱ्या एखाद्या गावात लोक हसले असते. पण कॅम्पात निम्म्या घरांत असं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं असतं, आणि ते डोक्यावर चढवलं की माणूस कामावर आहे, हे तिथे लहान पोरांनाही कळतं. एकदा एका बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं, तर तिनंच त्याच्या तोंडावर हात ठेवला. "चुप, देखत नइ हस? टोपा पहिरे हे."

फक्त दुकानाच्या मालकांना ते आवडत नव्हतं. त्यांना सगळे सेठजी म्हणत. सेठजी दुकानात कमी यायचे. छताला कॅमेरा लावला होता, त्यातून ते घरी बसून मोबाईलवर दुकान बघायचे. संध्याकाळी सहाला शेजारच्या दवाखान्याचे पेशंट आणि ड्युटीवरून सुटलेली माणसं एकदम यायची. नेमका तेव्हाच काउंटरवरचा फोन वाजायचा, आणि तो मी उचलायची.

"अरे बेटा, उनको बोलो टोपी उतारें! सामने काँच के दरवाजे वाली दुकान खुल गई है, ए. सी. में पाँच मिनट में दवाई मिल रही है. और हमारे यहाँ ग्राहक को लग रहा है कि छत गिरने वाली है!"

हेल्मेट काढल्यावर मी निरोप सांगायची. सर कॅमेऱ्याकडे बघून, हात जोडून म्हणायचे, "सेठजी, पाँच मिनट में तो मैं भी दे दूँगा. किसकी दूँगा, ये मत पूछना." कॅमेऱ्यातून आवाज जात नसे. मला वाटतं, सेठजींना फक्त जोडलेले हात दिसायचे आणि ते थोडा वेळ शांत व्हायचे.

सेठजी वाईट नव्हते. समोर काचेचं दुकान, त्यात मोबाईलवरून घरपोच औषधं. त्यांचंही मन थाऱ्यावर नसायचं. पण त्याचा सगळा भार एकाच माणसावर पडायचा. सर सकाळी दहाला यायचे, दिवसभर एकटेच फार्मासिस्ट. त्यांचा डबा अनेकदा तसाच परत जायचा. मी त्यांना बसून जेवताना पाहिल्याचं आठवत नाही. उभ्या उभ्या खिशातले फुटाणे मात्र खायचे, आणि तेही कपाटाकडे पाठ करून.

आणि ती रजिस्ट्रेशनची फ्रेम. ती त्यांनी दोरीवर अशी टांगली होती की फिरवता यावी. संडासला जायचं असलं तरी ते आधी फ्रेमचं तोंड भिंतीकडे करायचे. फ्रेमच्या पाठीवर लिहिलं होतं, 'फार्मासिस्ट अभी नहीं है.' ते परत येईपर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची एकही गोळी द्यायची नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "सर, दोनच मिनटं तर लागतात."

"दोन मिनटं असो का दोन वर्षं. लोकाइचे कागद दुकानात भाड्यानं टांगले असतात आन् लोक गावाकडं धान लावून राहिले असतात. मी कागदाच्या खाली उभा राहतो. मी नसन, तर कागदानंही तोंड दाखवू नाही."

कोणी त्यांना डॉक्टरसाहेब म्हटलं तर ते हातातलं काम थांबवून सांगायचे की डॉक्टर शेजारी आहेत, मी फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर त्याच शेजारच्या डॉक्टरांकडे स्वतः जाऊन विचारून यायचे. डॉक्टर कधी कधी वैतागायचे. "आप ही क्यों नहीं बैठ जाते मेरी कुर्सी पर?" सर म्हणायचे, "साहब, वहाँ हेल्मेट नहीं टाँग सकता." नावात एकाच अक्षराचा फरक असलेली औषधं त्यांनी दुकानाच्या दोन टोकांना ठेवली होती. मला वाटलं, ही काय रीत? वर्णानुक्रमानं लावली तर पटकन सापडतील. सर म्हणाले, "पटकन सापडते म्हणूनच दूर ठेवलं."

पण सगळ्यात जास्त वेळ जायचा तो त्यांच्या नाटकात. औषध तयार झालं की पिशवी ते गिऱ्हाइकाला देत नसत. स्वतःच्या छातीशी धरायचे आणि म्हणायचे, "अब मैं मरीज, आप दुकानदार. बताओ भैया, ये सफेद वाली मुझे कब खानी है?"

मग गिऱ्हाइकाला सगळं सांगावं लागे. सर मुद्दाम मंद पेशंट व्हायचे. "खाली पेट खा लूँ?" "अरे नहीं रे बाबा, खाना खाके!" "दो एक साथ खा लूँ, जल्दी ठीक हो जाऊँगा?" एकदा प्लांटमधल्या एका माणसानं बरोबर सांगितलं, "रात को सोते समय." सर म्हणाले, "मेरी तो नाइट शिफ्ट है भैया. मैं दिन में सोता हूँ." तो माणूस विचारात पडला, कारण त्या हप्त्यात त्याचीच नाइट शिफ्ट होती.

आपल्या मराठी बायकांपुढे तर ते नाटक रंगायचं. "आता मी मावशी, तू दुकानदार."

"तुमचं रोजचंच व्हय बापा. मले स्वयपाक हाय घरी. झाडीतले हा ना, नाटकाबिगर जमतच नाही तुमाले!"

"झाडीतलाच हावो," सर खुशीत सांगायचे. भंडारा-गोंदियाकडचे, तिकडे नाटकाचं वेड फार. "तिकडं लोक अख्खं नाटक बसून पायतात. तुमाले दोन मिनटाचं झेपत नाही?"

माझं घाबरणं त्या नाटकानंच थोडं कमी झालं. पहिला महिना मी फक्त ऐकायची. दुसऱ्या महिन्यात सर म्हणाले, आधी तू समजावून सांग, मग मी पेशंट होतो. हप्त्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांची त्यांची एक खास पद्धत होती, ती त्यांनी मला शिकवली. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना 'हप्त्यातून एकदा' म्हणायचं नाही. "हप्ता कोणाले दिसते काय? बाजार दिसते. बाजार हप्त्यातून एकदाच भरते. त्यांले सांगजो, बाजाराच्या दिवशी एक." मला ते फार आवडलं. कॉलेजच्या पुस्तकात असं काही नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

तो मंगळवार होता, दुकानाच्या भागातल्या बाजाराचा दिवस. संध्याकाळी सहाची गर्दी होती. फोन दोनदा वाजून गेला होता. एक म्हातारी चिठ्ठी घेऊन आली; आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला दाई, म्हणजे आई, म्हणतात. सांधे सुजलेले, बोटं वाकडी. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट होतं, हप्त्यातून एक. संधिवातावर ती चांगली गोळी आहे. पण रोज घेतली तर अंगात रक्त तयार होणं बंद पडत जातं, तोंड आतून फाटतं, माणूस जाऊही शकतो. सरांनी हेल्मेट घालून गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, काढला आणि त्यातल्या चारच गोळ्या कापल्या. अशा गोळीचा पूर्ण पत्ता ते कधीच कोणाला देत नसत.

मी दाईला सांगितलं, "दाई, बजार के दिन एक. बाकी दिन नहीं."

मग सर पेशंट झाले. "दाई, रोज खा लूँ क्या?"

"रोज नहीं! बजार के दिन एक ठन."

"और बजार नहीं हो उस दिन?"

"त झन खाबे!" तर खायची नाही, म्हणून दाईनं सरांना असं दटावलं की रांग हसली. तिची बोटं टोकांना हिरवी-काळी झाली होती, भाजी निवडून होतात तशी. ती मी पाहिली. पाहिली, आणि त्यावर काही विचार केला नाही.

"शंभरपैकी शंभर," सर मला म्हणाले.

शुक्रवारी मी कॉलेजातून घरी जाऊन दुकानाकडे निघाले होते. आम्ही कुरुदला राहतो. तिथे शुक्रवारचा बाजार भरला होता. लाल भाजीच्या ढिगामागे मला तीच दाई बसलेली दिसली.

"दाई, आप यहाँ?"

"हव बेटी. सुक्रवार के इहां बइठथौं."

"और कल?"

"काली सुपेला. बुधवार के खुर्सीपार. रोज नवा बजार, बेटी. नइ बइठहूँ त खाहूँ का?"

मी गोळीचं विचारलं. दाईनं लुगड्याच्या टोकाची गाठ सोडली आणि कापलेला पत्ता माझ्या हातात ठेवला. चारही घरं रिकामी होती. ती अभिमानानं सांगत होती की तू सांगितलं तसंच केलं, बाजाराच्या दिवशी एक, एकाही दिवशी चुकवली नाही. गोळ्या संपल्या, आता उद्या घ्यायला येणार होती.

हप्त्यातून एकदा येणारा बाजार हा विकत घेणाऱ्याचा असतो. विकणाऱ्याचा बाजार रोज असतो. इतकी साधी गोष्ट मला, सरांना, रांगेतल्या कोणालाच सुचली नव्हती.

मी दाईला इथून हलू नका म्हटलं आणि सरांना फोन केला. तीनदा केला. फोन ड्रॉवरमध्ये असणार. काउंटरवरच्या फोनची रिंग वाजत राहिली. मग मी ऑटो पकडली. रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. माझं ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, बाबा, कॉलेज, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. खरं सांगायचं तर एकदा असंही वाटलं की दाईला उद्या यायचंच आहे, तेव्हा आपोआप कळेल, मी कशाला सांगू.

दुकानात पोचले तर रांग पायरीखाली गेलेली, आणि सर हेल्मेट घालून कपाटापुढे. मी एक क्षण उभी राहिले. दोन महिन्यांत तो नियम मी कधी मोडला नव्हता. मग मी काउंटरच्या आत गेले, त्यांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून घेतलं.

सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

"सर, ते भाजीवाली दाई हाय. तिले रोजच बाजार असते."

त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. "किती घेतल्या?"

"चारही."

हातातली डबी त्यांनी जागेवर ठेवली. फ्रेमचं तोंड भिंतीकडे केलं. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून ते रांगेला म्हणाले, "मुझसे गलती हो गई है. एक दाई को गलत समझा दिया. उसको अस्पताल ले जाना है. दुकान बंद कर रहा हूँ, माफ करना." काउंटरवरचा फोन वाजू लागला. सरांनी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि शटर ओढलं. रांगेतल्या एका माणसानं ते खाली ओढायला मदत केली. कुरकुर कोणी केली नाही.

स्कूटरवर ते हेल्मेट त्यांनी मला घालायला लावलं. वाटेत एकदाच बोलले. "तू नीट सांगितलं होतं. मी शिकवलं तसंच सांगितलं."

दाई उठायला तयार नव्हती. सर तिच्या ढिगापुढे उकिडवे बसले, तोंड उघडून दाखवायला सांगितलं. आतून लाल झालं होतं. "चल दाई, अब्भी चल." "भाजी ला कोन देखही?" दाईनं विचारलं. तिची सगळी भाजी मांडलेली होती. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये बैठेगी."

मग ते दाईला मागे बसवून गेले आणि मी हेल्मेट मांडीवर घेऊन लाल भाजीच्या मागे बसले. आमच्याच वस्तीचा बाजार. ओळखीच्या बायका थांबून बघत होत्या. शेजारची कांदेवाली हसत म्हणाली, "मुँह में दही जमा है क्या, कॉलेजवाली? आवाज दे, आवाज! भाजी अपने आप नहीं बोलेगी." मी आवाज दिला. आधी हळू, मग मोठ्यानं. त्या दिवशी भाजी जितकी विकली त्यापेक्षा जास्त मी फुकट वाटलीच असेल.

दाई दहा दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवसापासून तोंडात फोड आले, अंगातलं रक्त कमी होत गेलं. तिथले डॉक्टर सरांना म्हणाले की पूर्ण पत्ता हातात असता आणि अजून हप्ताभर कोणाला कळलं नसतं, तर हाताबाहेर गेलं असतं. सरांनी ते ऐकून मान हलवली. त्यांना त्यात समाधान वाटलं असं मला दिसलं नाही. दुकान उघडायच्या आधी रोज ते थर्मासमध्ये भाताची पातळ पेज घेऊन जायचे, कारण दाईला दुसरं काही गिळता येत नव्हतं. मीही कॉलेजच्या आधी जायची. तिथे ज्याला त्याला एकच गोष्ट बोलताना ऐकायची. अनपढ़ आहे. समजलं नाही तिला. सांगितलं काय, केलं काय. तिचा मुलगाही तिच्यावर ओरडायचा. "दिमाग नइ हे का तोर?" दाईच्या तोंडात फोड होते, तिला उत्तर देता येत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

सेठजी दुकानात आले ते तिसऱ्या दिवशी. त्यांनी शटर अर्धं खाली केलं आणि हळू आवाजात सरांना समजावलं. "देखो, बुढ़िया बच जाएगी. कोई पूछे तो बस इतना बोलना है, हमने हफ्ते में एक बताया था, वो भूल गई. पढ़ी-लिखी तो है नहीं. कौन साबित करेगा?"

"सेठजी, वो भूली नहीं," सर म्हणाले. "जैसा बोला, वैसा ही किया उसने. एक दिन भी नहीं चूकी."

"दुकान का नाम खराब होगा."

"दुकान का नहीं होगा. मैं अपना लिखूँगा."

पुढे दोन महिन्यांनी सेठजींनी दुसऱ्या कोणाचा तरी कागद आणून भिंतीवर लावला आणि सरांनी आपली फ्रेम काखेत घेऊन कॅम्प सोडला. तो कागदावरचा माणूस दुकानात कधी दिसतो का, असं मी तिथल्या बायकांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, त्याचा फोटो दिसतो. सरांना सेक्टर सहाच्या मार्केटमध्ये काम मिळालं. कॅम्पातले बरेच लोक आता तिथपर्यंत सायकल मारत जातात, रांगेत उभे राहतात आणि हेल्मेट चढलं की गप्प बसतात.

दाई घरी गेली त्या रविवारी सर मला म्हणाले, चल. त्यांच्या खिशात दोन कागद होते. स्कूटर सुरू करायच्या आधी त्यांनी मला ते वाचायला दिले. औषध विभागाच्या दुर्गच्या ऑफिसला लिहिलेली तक्रार होती ती. सरांच्याच सुवाच्य हिंदी अक्षरात, सरांविरुद्ध. त्यांचं पूर्ण नाव, रजिस्ट्रेशनचा नंबर, कोणती गोळी, कोणती तारीख. खाली सही करायला दाईच्या मुलासाठी जागा सोडली होती.

"सर, माझंही नाव टाका," मी म्हटलं. "दाईले पहिले मीच सांगितलं."

"नाही टाकत."

"खोटं होईल ते."

ते हसले. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदा. "खोटं कसं? तुह्याजवळ रजिस्ट्रेशन हाय काय? नाही ना? मंग तुले चूक करायचा अजून अधिकार नाही. आधी कागद घे, मंग आपल्या नावानं कर."

दाईच्या अंगणात खाट टाकली होती. ती बसली होती, डोक्यावरून पदर, बारीक झालेली. मुलगा दारातच उभा राहिला. "अब क्या लेने आए हो?" शेजारच्या भिंतीवरून दोन बायका डोकावल्या.

सरांनी कागद त्याच्यापुढे धरला. "ये शिकायत है. यहाँ दस्तखत करो और दुर्ग के दफ्तर में जमा करो. रसीद लेना मत भूलना, बिना रसीद के ये लोग ढूँढ़ते रहते हैं."

मुलानं कागद उलटसुलट करून पाहिला. "किसके खिलाफ है?"

"मेरे."

"आप अपने ही खिलाफ लिखके लाए हो?"

"तो किसके खिलाफ लिखता? तेरी माँ के?"

मुलानं कागद पुन्हा उलटला. त्याचा राग कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "पढ़के सुनाओ." सर खाटेजवळच्या दगडावर बसले आणि वाचू लागले. गोळीचं नाव आलं, तारीख आली. मग ती वाक्यं आली. "मरीज को जो बताया गया, उसने ठीक वही किया. बतानेवाले ने उससे यह नहीं पूछा कि वह बाजार किस-किस दिन जाती है. मरीज से कोई भूल नहीं हुई. भूल बतानेवाले की है."

वाचून झालं. दाईनं पदर थोडा मागे केला.

"एमा मोर का गलती लिखे हस, बाबू?"

"कुछु नहीं, दाई," सर म्हणाले. "तोर कोनो गलती नइ हे."

दाईनं मुलाकडे पाहिलं. दारात उभ्या सुनेकडे पाहिलं. मग भिंतीवरून डोकावणाऱ्या बायकांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिची पाठ ताठ झाली.

"त एक बेर अउ पढ़," ती म्हणाली. "जोर से."

सर दगडावरून उठले. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, कागद दोन्ही हातांत धरला आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले, शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात.